आज्ञापत्रातील आरमार आणि खलाशाची सरदारी

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखले जाणारे 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या गादीवरील संभाजीराजांच्या आज्ञेच्या रूपाने सिद्ध झाले. मराठी राजनीतीचा हा एक प्रमाणग्रंथ होय, याविषयी दुमत नाही. त्यातील आरमार-प्रकरण तर विशेष वाखाणले गेले आहे. घोडदळाच्या बळावर भूमी मिळवणाऱ्या राज्याला समुद्राच्या स्वामित्वाचा स्वतंत्र विचार सुचावा, आणि आरमार हे राज्याचे एक निराळे अंग आहे असे त्याने स्पष्ट शब्दांत म्हणावे, ही गोष्ट खरोखरच असामान्य आहे. परंतु या स्तुतीमुळे एक अनिष्ट परिणाम झाला. प्रकरणाच्या प्रारंभीचा सिद्धांत उद्धृत करावयाचा, गुराबा व गलबते यांची संख्या सांगावयाची आणि पुढे निघून जावयाचे, असा अभ्यासाचा प्रघात पडून गेला. प्रकरणात काय नाही, याची विचारपूस सहसा झालीच नाही.

जे नाही ते हे की, जहाजावरचा माणूस जहाजाचा अधिकारी कसा व्हावा, याविषयी या प्रकरणात एक अक्षरही आढळत नाही.

प्रकरणाचा आशय प्रथम ध्यानी घेणे इष्ट आहे. गुराबा फार थोर नसाव्यात आणि फार लहानही नसाव्यात. वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी अवजड जहाजे बांधण्याच्या भरीस पडू नये. प्रत्येक सुभ्यास पाच गुराबा व पंधरा गलबते द्यावी आणि सर्व सुभ्यांवर एक सरसुभा असावा. जहाजांवर तोफा, बंदुका, दारूगोळा, होकायंत्र आणि मर्दाने लोक यांची भरपूर तरतूद असावी, असे ग्रंथकार सांगतो. आरमाराच्या खर्चाची नेमणूक मुलखाच्या वसुलातून करावी, बंदरांच्या उत्पन्नावर सोडू नये, हा त्यातील सर्वांत दूरदर्शी नियम होय. खर्च बंदरावर सोडला की अधिकारी सावकारांस नाडतो, सावकार बंदर सोडतो आणि बंदर ओस पडते, ही कार्यकारणाची साखळी त्याने अचूक दाखविली आहे. लाकडासंबंधीचा नियमही तितकाच मननीय आहे. सागवान आज्ञेने तोडावे. परंतु रयतेच्या आंब्याफणसांस हात लावू नये, आणि एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालेच असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे. युद्धप्रसंगी वारा आपल्या बाजूस ठेवावा, वारा फिरला असता हट्टाने झुंज न देता किल्ल्याच्या आश्रयास यावे, कौल मागणाऱ्या शत्रूच्या जहाजास एकाएकी भिडू नये, ही सूत्रेही त्यात आली आहेत.

आता याच ग्रंथातील दुर्ग-प्रकरण याच्याशेजारी ठेवून पाहावे. तेथे हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखाननीस असे अधिकारी नावानिशी येतात. त्यांची निवड कोणाच्या भिडेने करू नये, एकावर दुसऱ्याचा वचक असावा, ठरावीक मुदतीनंतर त्यांच्या बदल्या व्हाव्यात, अशी बारीक व्यवस्था सांगितली आहे. माणसाविषयीची ही सूक्ष्म दृष्टी आरमार-प्रकरणात मात्र जहाजाकडे वळते. गुराब मध्यम असावी हे कळते. गुराबेवरचा नाखुदा कोण असावा, हे कळत नाही. सुभ्यात किती गलबते असावीत हे कळते. सुभेदार समुद्रावर वाढलेला असावा की दरबारातून पाठविलेला असावा, हे कळत नाही. सरसुभ्याच्या आज्ञेत सर्वांनी वागावे हे कळते. त्या सर्वांपैकी कोणी कधी सरसुभा होऊ शकेल की नाही, हे कळत नाही.

'आज्ञापत्र' हा नीतिग्रंथ आहे, कानूजाबता नव्हे. त्याच्याकडून बढतीच्या नियमांची अपेक्षा करणे हा काळाचा विपर्यास होय, असा आक्षेप यावर येण्याजोगा आहे. तो दुर्ग-प्रकरणाच्या साक्षीने लंगडा पडतो. जो ग्रंथ हवालदाराच्या बदलीचा विचार करतो, त्याला तांडेलाच्या बढतीचा विचार अशक्य नव्हता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोळी, भंडारी, गाबित, दालदी या दर्यावर्दी समाजांत नौकानयनाची विद्या घरोघर चालत आलेली होती. कोण नाखुदा व्हावयाचा हे किनाऱ्यावर आपोआप ठरत असे आणि राज्याने त्यात हात घालण्याचे प्रयोजन नव्हते, असे म्हणता येईल. एका जहाजापुरते ते खरेही मानावे. परंतु पाच गुराबा व पंधरा गलबते यांचा सुभा ही घरोघर चालत आलेली वस्तू नव्हे. ती राज्याने निर्माण केलेली संस्था आहे. तिचा अधिकारी राज्यालाच नेमावा लागतो. तेव्हा प्रश्न पुन्हा जेथल्या तेथे येतो.

येथे एका विरोधाभासाकडे लक्ष वेधले पाहिजे. वारा बाजूस ठेवण्याचे सूत्र, जोराचा वारा उलटला असता झुंज टाळण्याचा उपदेश, वाऱ्यावाचून न हलणाऱ्या जहाजांविषयीची नापसंती, हे सर्व ज्ञान दफ्तरात बसून मिळणारे नव्हे. रामचंद्रपंत थोर मुत्सद्दी होते. १६८९ नंतरच्या प्राणांतिक संकटात त्यांनी महाराष्ट्राची बाजू सावरून धरली. परंतु त्यांचे आयुष्य गेले ते सह्याद्रीच्या किल्ल्यांवर आणि राज्याच्या हिशेबात. समुद्राचे हे शहाणपण कोणातरी तांडेलाच्या, सारंगाच्या तोंडून अमात्यांच्या कानी आले असले पाहिजे. खलाशाचे ज्ञान ग्रंथात सन्मानाने प्रविष्ट झाले. खलाशी मात्र 'मर्दाने लोक' या दोन शब्दांपलीकडे गेला नाही.

ग्रंथाच्या या मौनाचे कारण शोधावयाचे तर त्याच्या रचनाकाळाकडे वळावे लागते. १७१३ च्या अखेरीस आणि १७१४ च्या आरंभी बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने कान्होजी आंग्रे शाहूमहाराजांच्या पक्षास मिळाले. तोवर ते ताराबाईंच्या, म्हणजे कोल्हापूरच्या पक्षाचे आधारस्तंभ होते. त्यांच्याबरोबर किल्ले, बंदरे आणि आरमाराचा बलवत्तर भाग कोल्हापूरच्या हातून गेला. १७१४ मध्येच कोल्हापुरात सत्तांतर होऊन संभाजीराजे गादीवर आले. त्यानंतर लवकरच लिहिलेल्या ग्रंथात आरमाराचा विचार येतो आणि कान्होजींचे उदाहरण दिले जात नाही, ही गोष्ट योगायोगाची मानणे कठीण आहे.

कान्होजींचा उत्कर्ष हेच तर खालून वर चढण्याचे त्या काळचे ठळक उदाहरण होते. त्यांचे वडील तुकोजी शिवाजीमहाराजांच्या चाकरीत होते. सुवर्णदुर्गाचा मुख्य अधिकारी सिद्दीला किल्ला देण्यास सिद्ध झाला असता दुय्यम असलेल्या कान्होजींनी किल्ला राखला आणि तेथून त्यांचा भाग्योदय झाला, अशी परंपरा आहे. सिधोजी गुजरांच्या पश्चात सरखेलपद त्यांच्याकडे आले. पराक्रमाने मिळालेली ही सरदारी होती, यात शंका नाही. परंतु ती कोणत्याही नियमाने मिळालेली नव्हती, आणि जे नियमाने मिळत नाही ते नियमाने परतही घेता येत नाही. किल्ले त्यांचे, बंदरे त्यांची, वसूल त्यांचा. मग पक्ष बदलला तेव्हा आरमारही बदलले. पुढे सरखेलपद घराण्यात राहिले, भावाभावांत वाटले गेले, आणि १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजीचे आरमार पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत जळाले.

या प्रकाशात पाहिले म्हणजे मुलखातून तनखा नेमून देण्याचा नियम केवळ सावकारांच्या कल्याणासाठी नाही, हे ध्यानात येते. ज्या अधिकाऱ्याला स्वतःचे बंदर नाही, त्याला स्वतःचा पक्ष काढता येत नाही. एकसारख्या आकाराचे सुभे, त्यांवर सरसुभा, आणि सर्वांचा खर्च सरकारातून, ही रचना नव्या आंग्र्यास जागाच न ठेवणारी आहे. अमात्यांनी सरदारीचा जुना मार्ग बंद केला, तो योग्यच केला. चूक एवढीच की, त्याच्या जागी नवा मार्ग उघडला नाही. पराक्रमाने वर येणाऱ्यास वतनाचा लोभ असतो म्हणून वतन नाकारावे. परंतु वर येणेच नाकारले, तर सुभा चालवावयास उरतो तो दरबारी मनुष्य, ज्याला वारा कोणत्या बाजूस ठेवावा हे खलाशास विचारावे लागते.

शब्दांची साक्षही या बाबतीत बोलकी आहे. 'सरखेल' या शब्दातील 'खेल' हा अरबी 'खैल', म्हणजे घोडे अथवा घोडेस्वारांचा जमाव. मराठी आरमाराच्या प्रमुखाची सर्वांत मोठी पदवी घोडदळातून आली. 'सुभा' हाही जमिनीवरचा शब्द. याच्या उलट शिवकालातील 'दर्यासारंग' ही पदवी जहाजाच्या तक्तपोशीवरून वर गेलेली आहे. 'सारंग' मूळचा फारसी 'सरहंग', म्हणजे सेनानायक; इराणात तो आजही सैन्यातील कर्नलाचा दर्जा दाखवितो. हिंदी महासागरात मात्र तो खलाशांच्या मुकादमाचे नाव बनला. शिवाजीमहाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख दर्यासारंग होता आणि १६७९ च्या खांदेरीच्या झुंजीत मायनाक भंडारी हे नाव पुढे येते, यावरून पहिल्या पिढीत समुद्रावरच्या माणसाला समुद्रावरचा अधिकार मिळत होता, असे म्हणावयास हरकत नाही. दर्यासारंगाकडून सरखेलाकडे झालेली वाटचाल ही, निदान शब्दांपुरती तरी, तक्तपोशीकडून तबेल्याकडे झालेली वाटचाल आहे.

याच सुमारास इंग्लंडात हाच प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला जात होता. तेथे शिडाच्या डांबरी कापडावरून 'टारपॉलिन' म्हणवले जाणारे, खलाशीपणातून वर आलेले कप्तान आणि दरबारातून आलेले 'जंटलमन' कप्तान यांचे हाडवैर होते. सॅम्युएल पेपिस या नौखात्याच्या चिटणिसाने १६७७ मध्ये लेफ्टनंटपदासाठी परीक्षा सुरू केली. तीन वर्षांची समुद्रावरील नोकरी, त्यांपैकी एक वर्ष मिडशिपमनची, आणि नौकानयनाचे ज्ञान, या अटी सर्वांना लागू झाल्या. याने गरीब खलाशास सुलभ मार्ग मिळाला असे समजण्याचे कारण नाही. मिडशिपमन होण्यास वशिला लागतच असे, आणि पुढे दर्जे अधिकच घट्ट झाले. १९१२ मध्ये खलाशांतून अधिकारी घेण्याची 'मेट' योजना नव्याने काढावी लागली, यातच सर्व आले. तरीही अधिकार हा विद्येशी बांधण्याचे तत्त्व लिहून ठेवले गेले होते. पेपिसही अमात्यांप्रमाणे दफ्तरातलाच मनुष्य होता. तेव्हा दफ्तरातल्या माणसाला हे सुचणे अशक्य होते, असेही म्हणता येत नाही.

कोल्हापूरचे आरमार मालवण-सिंधुदुर्गाच्या आश्रयाने पुढे शतकभर टिकले. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्यास 'फोर्ट ऑगस्टस' हे नाव दिले आणि पुढील वर्षी पैसे घेऊन परत केला; १८१२ च्या तहाने मात्र तो मालवणासह कायमचा गेला. त्यानंतर कोकणचा दर्यावर्दी इंग्रजांच्या जहाजांवर गेला आणि तेथे त्याच्या उत्कर्षाची सीमा 'सारंग' या शब्दाशीच आखली गेली. दर्यासारंगातील 'दर्या' गळाला आणि खलाशांवरचा मुकादम शिल्लक राहिला. भूसेनेत 'सुभेदार' शब्दाची गतही अशीच झाली. एके काळी मुलखाचा वा आरमाराचा सुभा चालविणारा तो, इंग्रजी पलटणीत कोवळ्या गोऱ्या लेफ्टनंटासही सलाम करणारा झाला. नौदलात पहिला हिंदी मनुष्य कमिशन घेऊन दाखल झाला तो १९२८ मध्ये, ते डी. एन. मुखर्जी हे अभियंते होते. १९५८ मध्ये पहिले भारतीय नौदलप्रमुख झालेले रामदास कटारी हेही मुंबईतील 'डफरिन' या प्रशिक्षण-नौकेवरचे कॅडेट होते. खलाशीपणातून आलेले नव्हते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या 'तलवार' तळावरील नौसैनिकांनी पुकारलेल्या उठावाची कारणे अन्न, वेतन आणि अधिकाऱ्यांची अपमानकारक भाषा ही सांगितली जातात, आणि ती खरीच आहेत. परंतु 'तलवार' हे संदेशवहनाचे विद्यालय होते. तेथील बरेच तरुण शिकलेले होते. शिकलेल्या माणसाला शिवी अधिक झोंबते, आणि वर जाण्याचा जिना दिसत नसेल तर ती जन्मभराची वाटते.

स्वतंत्र भारताच्या नौदलात दोन मार्ग आखले गेले. पहिला 'कमिशन-वर्दी' उमेदवाराचा. तरुण व आवश्यक शिक्षण असलेला नौसैनिक सेवा निवड मंडळापुढे जातो आणि निवड झाल्यास अकादमीत शिकून सर्वसाधारण अधिकारीवर्गात दाखल होतो. दुसरा 'स्पेशल ड्यूटीज' अधिकाऱ्याचा. दीर्घ अनुभवी नौसैनिकास त्याच्या कसबाच्या शाखेत कमिशन मिळते. आज्ञापत्राच्या कसोटीवर हे दोन्ही मार्ग लावून पाहिले असता मौज दिसते. पहिला मार्ग खलाशाला अधिकारी करतो, पण तो जितक्या लवकर खलाशीपण सोडील तितके बरे, असे मानून. दुसरा त्याच्या खलाशीपणाची कदर करतो, पण ते उशिरा, आणि अधिकार त्या कसबापुरता आखून. वारा ओळखणारा आणि सुभा चालविणारा हे दोघे एकच असावेत की नसावेत, हा अमात्यांनी अनुत्तरित ठेवलेला प्रश्न या दोन मार्गांच्या मध्ये तसाच उभा आहे. तथापि वतन न देता बढती देता येते, हे या व्यवस्थेने सिद्ध केले, आणि आज्ञापत्राला जे जोडता आले नव्हते ते जोडले, हे मान्य करावयास हवे.

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा सोहळा सिंधुदुर्गाच्या परिसरात झाला, आणि नौदलातील दर्जांना भारतीय परंपरेतील नावे देण्याची घोषणा तेथेच करण्यात आली. नावे शोधणारे आज्ञापत्राकडे वळणार हे स्वाभाविक आहे. तेथे त्यांना सुभा मिळेल, सरसुभा मिळेल. परंपरेतून सरखेल मिळेल. हे तिन्ही शब्द भूमीवरचे आहेत. तांडेल, सारंग, नाखुदा हे समुद्रावरचे शब्द कोणत्या दर्जांस जोडावयाचे, याला ग्रंथात आधार सापडणार नाही, आणि 'सारंग' शब्द अधिकाऱ्याच्या बाजूस लिहावयाचा की नौसैनिकाच्या, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागेल.