आप्त कोण?

विषय मोबाइलचा आहे, पण महाडात बसलो आहोत म्हणून सुरुवात 1927 पासून करू. 20 मार्चला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. थोड्याच वेळात गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसं काही ठरलेलंच नव्हतं. तरी लाठ्या निघाल्या, मंडपात जेवणाऱ्यांची डोकी फुटली. देऊळ गावातच होतं, कुणीही जाऊन पाहू शकला असता. पण सांगणारा आपल्यातला होता, तेवढं पुरलं.

त्यामुळे ‘सोशल मीडियानं तरुण मतदार बिघडवला’ हे वाक्य आम्हाला अर्धवट वाटतं. आवई जुनीच आहे, तिला आता वेग आलाय. 2024 चंच घ्या. एप्रिलच्या अखेरीस अमित शहांच्या आरक्षणावरच्या भाषणाची फेरफार केलेली चित्रफीत फिरली, आणि रायगडचं मतदान होतं 7 मेला. विधानसभेच्या वेळी, 20 नोव्हेंबरच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावानं बिटकॉइनच्या ध्वनिफिती आल्या. आवाज आपला नाही, अशी तक्रार सुळे यांनी केली. पडताळणी करणाऱ्यांना त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खुणा दिसल्या. म्हणजे हत्यार दोन्हीकडचं. मतदाराला शांतपणे विचार करता यावा म्हणून कायद्यानं जाहीर प्रचार 48 तास आधी थांबवलाय. खिशातला कोण थांबवणार?

यावर डिजिटल साक्षरतेची शिबिरं होतात. आम्हीही बसलोय. चित्र कुठून आलं ते शोधा, ‘फॉरवर्डेड’ची खूण बघा. उपयोगाचं आहे, नाही म्हणत नाही. पण ही बटणं पोलादपूरच्या अठरा वर्षांच्या पोराला आम्ही शिकवायची? आमचा फोन अडला की तोच सुरू करून देतो!

त्याची अडचण वेगळी आहे, बरं का. न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानतं, पण आप्ताच्याच. आप्त म्हणजे ज्यानं गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. वात्स्यायन तर म्हणतो, ऋषी असो की म्लेच्छ, कसोटी एकच. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक, लग्नपत्रिकेतले आप्तेष्ट! भावकीच्या ग्रुपवर मुंबईहून काका काहीतरी पाठवतो. त्यानं ते पाहिलेलं नसतं, त्यालाही कुणीतरी पाठवलेलं असतं. पण काका आप्त ना, मग ते खरंच.

ग्रुप सोडा, असा सल्ला आम्ही देणार नाही. जुलै 2021 मध्ये तळीयेत, पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत दरडी कोसळल्या. रस्ते बंद, फोन बंद. तेव्हा मुंबईतली माणसं अशाच ग्रुपांवर आपल्या घरच्यांचा ठाव विचारत होती. तो विश्वास फुकटचा नाही.

मग पोरानं विचारावं, ‘काका, हे तुम्ही पाहिलंत? नसेल तर कुणी पाहिलं?’ आपल्या घरांत हा उद्धटपणा ठरतो. आणि घरांनाच का बोल लावावा? आम्ही आयुष्यभर वर्गात प्रमाणविचार शिकवला. पण ‘सर, हे तुम्हाला कशावरून माहीत?’ असं विचारणाऱ्याला आम्हीच एकदा खाली बसवलंय. ‘वेळ नाही, परीक्षेपुरतं लिहून घे.’ तो पुन्हा कधी बोलला नाही.

असो. आता प्रश्न घेऊ. आधी मागच्या बाकांवरची मुलं. काकालोकांनी जरा थांबावं.