इंजिनाच्या धड्यात हवा कुठे आहे?

डिझेल इंजिनाचा धडा बहुधा चार स्ट्रोकच्या आकृतीवर संपतो. आकृती चूक नसते. पण ती पाहून विद्यार्थी एक समज घेऊन उठतो : इंधन जास्त, तर ताकद जास्त. आमचा आक्षेप या समजाला आहे.

तो तपासायला महाबळेश्वरची चढण पुरेशी आहे. पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला आलो की उंची सुमारे १,३५० मीटर होते आणि हवेची घनता सुमारे १२ टक्क्यांनी घटते. एक ग्रॅम डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा ग्रॅम हवा लागते. डिझेल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर वाढवतो ते इंधन. प्रत्येक खेपेला सिलिंडरमध्ये शिरणारी हवा नव्हे. मग टर्बो नसलेल्या ट्रकचा पंप घाटमाथ्यावरही पायथ्याचेच माप देत राहिला, तर पूर्ण भारावर जादा डिझेलची काजळी होते.

हे माप पंपात ठरते. प्लंजरवर तिरकी खाच असते. रॅक सरकला की प्लंजर फिरतो आणि इंधन कमी-जास्त होते. रॅकने कुठवर सरकावे, हे एक अडसर ठरवतो. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने जबलपूरला बनलेल्या ‘शक्तिमान’सारखा सैनिकी ट्रक लेहला, सुमारे ३,५०० मीटरवर नेला, तर तिथे हवा सत्तर टक्केच मिळते. अडसर मागे घ्यायला हवा, पुढे नव्हे.

धड्यातून आणखी एक गोष्ट निसटते. पंप आकारमान मोजतो, ज्वलन वस्तुमानावर चालते. अमेरिकी सैन्याच्या ‘एम-३५’ ट्रकचे बहुइंधनी इंजिन पेट्रोलवरही चाले. लिटरभर डिझेलचे वस्तुमान सुमारे ८४० ग्रॅम, पेट्रोलचे ७४०. म्हणून इंधनाच्या घनतेप्रमाणे अडसर आपोआप सरकवणारे साधन त्या पंपावर होते.

आजच्या ट्रकमध्ये हा हिशेब इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. पण हिशेब तोच आहे. घनता एका धड्यात, ज्वलन दुसऱ्यात, इंजिन तिसऱ्यात अशी वाटणी केल्याने तो कुठेच होत नाही. वर्गात एवढेच विचारावे : पोलादपूरला १०० भाग डिझेल पुरते जळत असेल, तर महाबळेश्वरला किती जळेल? ८८ हे उत्तर स्वतः काढणारा विद्यार्थी उद्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसला, तर ‘ताकद वाढेल’ म्हणून पंपाचा स्क्रू फिरवू देणार नाही. मागून येणाऱ्यांच्या छातीत जाणारी काजळी तेवढी तरी कमी होईल.