‘आउफहेबन’ : उठवणे आणि उचलून ठेवणे

हेगेलवर बोलायचं म्हटलं की ‘आउफहेबन’ या जर्मन क्रियापदापाशी थांबावंच लागतं. वर्गात सहसा सांगतात, ‘याचे तीन अर्थ : रद्द करणे, जपणे, वर उचलणे. तिन्ही एकदम. भाषांतर अशक्य.’ विद्यार्थी वही मिटतो. माझा आक्षेप त्या वही मिटण्याला आहे.

आधी शब्द बघू. ‘आउफ’ म्हणजे वर, ‘हेबन’ म्हणजे उचलणे. इंग्रजीतलं ‘हीव्ह’ हे त्याचं भावंड आणि लॅटिनमधलं ‘कापेरे’, म्हणजे पकडणे, हे दूरचं नातलग. उचलण्याच्या मुळाशी हातात धरणं आहे. खाली पडलेलं नाणं उचललं, पावती जपून ठेवली, कायदा रद्द केला. जर्मन माणूस तिन्ही ठिकाणी हेच क्रियापद वापरतो. पण रोजच्या एका वाक्यात अर्थ एकच असतो. जेवण आटोपून सगळे उठले, तरी हाच शब्द. आता बघा, आपणही म्हणतोच ना, ‘पंगत उठली’, ‘बंदी उठवली’? आणि घरात सांगतो, ‘ते नीट उचलून ठेव.’

मग हेगेलनं काय केलं? ‘तर्काचे विज्ञान’ या ग्रंथाचा पहिला भाग 1812 साली आला. त्यातल्या टिपणात तो दोनच अर्थ मांडतो : जपणे आणि संपवणे. ‘वर नेणे’ हा तिसरा अर्थ पुढे भाष्यकारांनी ठळक केला. हेगेलचा खरा मुद्दा असा, की जपण्यातच थोडं संपवणं असतं. कैरीचं लोणचं घातलं की कैरी टिकते. पण झाडावरची कैरी म्हणून ती उरत नाही.

इंग्रजी भाषांतरकारांनी लॅटिनवरून ‘सब्लेट’ हा शब्द घेतला. घरातला शब्द कॉलेजात गेला तो तिथलाच झाला. मराठीत ‘निरसन’ म्हटलं की संपवणं येतं, जपणं गळतं.

आपल्याकडे एकच शब्द नाही, हे मान्य. ‘उठवणे’ आणि ‘उचलून ठेवणे’ अशी आपली वाटणी झाली आहे. पण दोन्ही शब्द आपल्या तोंडात आहेत. ते शेजारी ठेवून हेगेल वाचा. ‘अशक्य’ म्हणून सोडून देण्यापेक्षा त्यातून जास्त हाती लागेल.