भूमिका आणि बलुतं : एका संज्ञेची परीक्षा

समाजशास्त्राच्या प्रवेशपाठांत ‘समूह’, ‘दर्जा’ आणि ‘भूमिका’ या संज्ञा बहुधा एकापाठोपाठ येतात. रॅल्फ लिंटन यांनी १९३६ मध्ये केलेली मांडणी विद्यार्थ्यांस मुखोद्गत असते : हक्क आणि कर्तव्ये यांचा समुच्चय म्हणजे दर्जा, व ती प्रत्यक्ष आचरणात आणणे म्हणजे भूमिका. ही मांडणी सुटसुटीत आहे आणि उपयुक्तही आहे. परंतु मूळ संज्ञा रंगभूमीवरून आलेली असून आपला ‘भूमिका’ हा प्रतिशब्दही तेथलाच आहे. नट भूमिका स्वीकारतो आणि खेळ संपल्यावर ती उतरवून ठेवतो. जी उतरवता येत नाही, तिलाही भूमिकाच म्हणावयाचे काय, असा प्रश्न आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) आणि दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

‘गावगाडा’ हे ग्रामव्यवस्थेचे पद्धतशीर वर्णन होय. वतनदार, बलुतेदार, फिरस्ते अशा एकेका समूहाची कामे व त्याला मिळणारा मोबदला आत्रे बारकाईने नोंदवतात. त्यांचा ओढा कुणब्याकडे आहे. गावगाड्याचा भार अखेर त्याच्यावर पडतो, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आहे. लिंटन यांच्या संज्ञा हाती नसतानाही आत्र्यांनी दर्जा व भूमिका यांचा एक नकाशाच मराठीत सिद्ध केला, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र हा नकाशा वरून पाहून काढलेला आहे. बलुतेदार कोणते काम करतो हे त्यात दिसते. ते काम करताना त्याला कोणत्या शब्दाने हाक मारली जाते, हे त्यात अभावानेच ऐकू येते.

एवढ्या नोंदींवरूनही एक विसंगती ध्यानात येते. बलुतेदारांच्या तीन ओळी मानीत, आणि ओळीप्रमाणे धान्याचा वाटा ठरे. मोल्सवर्थच्या कोशात महार हा थोरल्या ओळीत आहे, तर भट धाकट्या ओळीत आहे. स्थलपरत्वे याद्या बदलतात हे खरे. तथापि ज्याचा वाटा मोठा, तोच स्पर्शाच्या दृष्टीने सर्वांत खाली, ही गोष्ट लक्षणीय आहे. म्हणजे वाटा आणि मान ही दोन निरनिराळी मापे आहेत. विषमता केवळ धान्याच्या मापाने मोजू पाहणाऱ्यास हा गाव समजणार नाही.

‘बलुतं’चे महत्त्व येथे कळते. ग्रंथनामाचे लेखनच पाहावे. लेखी प्रमाण मराठीतील एकारान्त ‘बलुते’ हे महसुली दप्तराला परिचित रूप. ‘बलुतं’ हे बोलण्यातले रूप. वस्तू एकच, पण पहिल्या रूपात ती देय म्हणून नोंदली जाते व दुसऱ्यात ती मागून आणणाऱ्याच्या तोंडून उच्चारली जाते. दप्तरात जो ‘हक्क’ आहे, तो दारात उभे राहून ‘मागावा’ लागतो. हक्क आणि मागणे या दोन शब्दांतील अंतर लिंटन यांच्या व्याख्येत मावत नाही. हक्क कोणता, हे ती सांगते. तो कोणत्या रीतीने पदरात पडतो, हे सांगत नाही. आणि विषमता बहुतांशी त्या रीतीतच वसते.

ग्रंथाच्या रचनेतही हेच तत्त्व आहे. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ते लिहून काढतो. दोघे एकच मनुष्य होत. पाठ्यपुस्तकी भाषेत हा ‘भूमिकासंघर्ष’ ठरेल. पण तेथे दोन भूमिकांत एक निवडण्यास वाव गृहीत असतो. लेखक म्हणून मिळवलेले नाव अर्जित आहे, दगडू हे अर्पित आहे. आणि अर्जित नाव कितीही वाढले तरी अर्पित नाव पुसले जात नाही.

नावांविषयी भाषाभ्यासकाने थोडे अधिक सांगावयास हवे. मूल जगावे म्हणून दगड-धोंड्याचे नाव ठेवण्याची चाल एकाच जातीची नव्हे. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो केशव असेच होते. भेद अर्थात नाही, प्रत्ययात आहे. धोंडोपंत, धोंडिबा, धोंड्या या तीन रूपांत प्रकृती एकच असून प्रत्यय माणसाची पायरी ठरवतो. डॉ. आंबेडकरांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती अशी हाक मारण्यातही प्रकट होते. लिंटन यांच्या मांडणीच्याच वर्षी, १९३६ मध्ये, ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी दाखवून दिले की जातिव्यवस्थेत कामांबरोबर काम करणारी माणसेही विभागली जातात. भूमिकेच्या व्याख्येला आवश्यक असलेली ही पुरवणी आपल्या अभ्यासक्रमात सहसा वेगळ्या प्रकरणात जाऊन पडते.

यावर आक्षेप असा येईल की लिंटन यांनीच अर्पित व अर्जित असा भेद केला आहे. मग न्यून कोठे राहिले? आक्षेप रास्त आहे. परंतु अर्पित म्हणजे जन्माने मिळालेले, एवढेच त्यातून कळते. ते टिकवून कोण धरतो, हे कळत नाही. महारवतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ मध्ये झाला. आणि आणखी वीस वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दगडू बोलतोच आहे. दप्तरातून पद गेले, तरी हाक गेली नाही.

‘बलुतं’लाही मर्यादा आहेत. अपमानित समूह आतून एकजिनसी नसतो. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये त्याच समाजातील सुनेचे हाल वाचले म्हणजे, ज्याला गावात मान नाही त्याच्या घरातही एक पायरी खाली असते, हे ध्यानात येते. पवारांच्या निवेदनात स्त्रिया पुष्कळ आहेत. पण त्या दगडूच्या दृष्टीतून दिसतात. समूहाची व्याख्या शिकवताना हे दोन्ही ग्रंथ एकत्र वाचले पाहिजेत.

तात्पर्य, ‘भूमिका’ ही संज्ञा टाकून द्यावी असे नव्हे. कोणत्याही भूमिकेविषयी तीन प्रश्न मात्र विद्यार्थ्यांनी विचारावेत : ती कोणी नेमून दिली, ती सोडता येते काय, आणि ती धारण करणाऱ्यास कोणत्या शब्दाने संबोधतात. पहिल्या दोहोंची उत्तरे समाजशास्त्राच्या ग्रंथांत मिळतील. तिसऱ्यासाठी आपणांस आत्मकथनांकडे आणि बोलींकडे वळावे लागेल. आणि तेथे समाजशास्त्र व भाषाविज्ञान या दोन विभागांतील भिंत काही काळ तरी बाजूस ठेवावी लागेल.