नकाराचा धनी कोण?

कुराणातल्या दुसऱ्या सूरेत अल्लानं नाकारणाऱ्यांच्या हृदयावर मोहर उठवल्याचं म्हटलं आहे. अठराव्या सूरेत मानणं-न मानणं माणसाच्या मर्जीवर सोडलं आहे. मग नकाराचा धनी कोण? मुताझिलांनी माणसाकडे बोट दाखवलं. अशअरींनी तोडगा काढला : कृती अल्लाची, कमाई माणसाची. हमीद दलवाईंची ‘इंधन’ (१९६५) वाचताना हा जुना वाद कोकणातल्या गावात उतरतो. निवेदक धर्म मानत नाही. तरी दंगलीच्या हिशेबात त्याची गणना जन्मावरूनच होते. इथं मोहर हृदयावर नाही, नावावर आहे. आणि ती उठवणारी माणसंच आहेत. दलवाईंनी स्वतःचा नकार मात्र दैवावर ढकलला नाही. १९७७ साली त्यांच्या इच्छेनुसार धार्मिक विधींविना दहन झालं. कमाई त्यांची होती.