खुर्द्यातही न मोजलेल्या

पानिपतची बातमी ज्या सांकेतिक पत्राने दक्षिणेत आली, त्यातला हिशेब मराठी माणसाला तोंडपाठ आहे. मोत्ये दोन, मोहरा सत्तावीस, आणि रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही. या हिशेबाचे कारुण्य आपण अडीचशेहून अधिक वर्षे आळवीत आलो. परंतु त्यात एक रकाना मुळीच नाही. त्या फौजेबरोबर सरदारांच्या कुटुंबांतल्या, यात्रेला निघालेल्या, बुणग्यांतल्या अशा हजारो बायका होत्या. १४ जानेवारी १७६१ नंतर त्यांतल्या कित्येक गुलाम म्हणून वाटल्या गेल्या, विकल्या गेल्या, अफगाणिस्तानाकडे हाकलल्या गेल्या. पानिपतावरील ग्रंथांतून बायकामुलांचा बावीस हजार हा आकडा येतो. तो कमीजास्त धरावा. बायका मेल्या नव्हत्या, म्हणून गेलेल्यांत धरल्या नाहीत. परतल्या नाहीत, म्हणून उरलेल्यांतही नाहीत.

आपल्या वाङ्मयाने हा रकाना भरला काय? भाऊसाहेबांची बखर आपण गद्याचा नमुना म्हणून वाचतो. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'ने (१९८८) भाऊंवरचा जुना ठपका पुसण्याचे मोठे काम केले. निसटून परत आलेल्या पार्वतीबाईंविषयी आपण कढ काढून लिहितो. भाऊ म्हणून मिरविणाऱ्या तोतयाला १७७६ साली देहान्त शासन झाले, आणि न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. म्हणजे खोट्या भाऊला चौकशी लाभली, नाटककारही लाभला. खऱ्या बायकांच्या वाट्याला यांतले काय आले?

साधने नाहीत, असे यावर उत्तर येते. पण रणांगणावर भाऊंच्या मनात काय चालले होते, याची तरी साधने कोठे आहेत? तेथे कादंबरीकार मनमुराद लिहितो. त्याची लेखणी अडते ती साधनांपाशी नव्हे, लाजेपाशी. 'बाटली', 'अब्रू गेली' हे आपले शब्दच पाहा. अपराध दुसऱ्याचा, आणि क्रियापदाचा कर्ता मात्र ती किंवा तिची अब्रू!

ही लाज कशी मोडते, हे कोरियातील किम हाक-सून या वृद्धेने दाखविले. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने आपल्या सैनिकांसाठी मुलींना कोंडून ठेवले, त्यांपैकी ती एक. १४ ऑगस्ट १९९१ रोजी तिने स्वतःच्या नावानिशी ते उघड सांगितले. त्यानंतर योशिमी या जपानी इतिहासकाराने लष्करी दप्तरातील कागद शोधून १९९२ च्या जानेवारीत प्रसिद्धीस आणले, आणि १९९३ मध्ये जपान सरकारला लष्कराचा हात मान्य करावा लागला. आधी बाईचा शब्द आला, मग कागद पुढे आला. २००० साली टोकियोत स्त्रियांनी लोकन्यायालय भरविले. त्याला शिक्षेचा अधिकार नव्हता. तरी अपराधी कोण, हे तेथे नाव घेऊन सांगितले गेले.

नावे घ्यायची तर आपलीही घ्यावी लागतील. बंगालवरील मराठी स्वाऱ्यांत 'बर्गीं'नी स्त्रियांवर केलेले अत्याचार गंगाराम या बंगाली कवीने 'महाराष्ट्र पुराणा'त १७५१ च्या सुमारास नोंदविले आहेत. पेशवाईत बटकी-कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे. अब्दालीचा अपराध मोजणाऱ्याने हेही मोजले पाहिजे. नाही तर तो न्याय नव्हे, केवळ कुळाचा अभिमान.

आमच्या कडावहून कल्याण फार लांब नाही. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा येथील शाळेतली पोरे खड्या आवाजात सांगतात. ती घडली की नाही, याविषयी मतभेद आहेत. आदर्श म्हणून ती थोरच आहे. पण त्या कथेत राजा बोलतो, सरदार खाली मान घालतो आणि सून गप्प उभी असते. तिला पकडून आणले तेव्हापासून दरबारात उभी करीपर्यंत तिच्यावर काय गुदरले, हे कोणी विचारीत नाही. आपले उदात्त वाङ्मयही तिच्या सुटकेत रमते, तिच्या साक्षीत नाही.

पानिपतच्या बायका आता कोणापुढे उभ्या राहून साक्ष देणार नाहीत. त्यांच्यापुरते न्यायालय उरले असेल, तर ते लेखकाचा कागद हेच. तेथे त्यांचे रडणे नको आहे. ते आपण पुष्कळ रंगविले. काबूलच्या वाटेवर एखादीने काय पाहिले, कोणती भाषा शिकली, कोणाची मुले वाढविली, मराठीत शेवटचा शब्द कोणाशी बोलली, हे लिहिणारी कादंबरी मला वाचावयाची आहे. तिचा नायक भाऊ नसेल.