एक काज बाकी

आजारी मुलासाठी खास गोष्ट लिहायची म्हटलं की बहुतेकांना एकच युक्ती सुचते: शूर राजपुत्राला त्या मुलाचं नाव द्यायचं आणि आजाराला राक्षस बनवून त्याच्या हातून मारायचं. हेतू चांगलाच असतो. पण औषधं आणि सुयांनी आधीच वैतागलेल्या पोरावर त्यात आणखी एक काम येऊन पडतं, शूर होण्याचं. इंग्रज लेखिका बिअट्रिक्स पॉटर यांनी १९०१च्या नाताळात फ्रीडा मूर या मुलीला तिच्या आजारपणानिमित्त दिलेली ‘द टेलर ऑफ ग्लॉस्टर’ ही गोष्ट त्या वाटेला जात नाही. कथानकात फ्रीडा नाही, कोणतीच छोटी मुलगी नाही. आहे तो एक म्हातारा, गरीब, चष्मेवाला शिंपी. आणि तरीही गोष्ट तिचीच आहे.

फ्रीडाची आई पूर्वी पॉटरबाईंची शिक्षिका होती. मूर कुटुंबातल्या मुलांना सचित्र पत्रं लिहायची बाईंना सवयच होती. थोरला नोएल आजारी असताना १८९३ साली त्याला लिहिलेल्या पत्रातच त्यांचा प्रसिद्ध पीटर ससा पहिल्यांदा अवतरला. फ्रीडासाठी मात्र त्यांनी अख्खी वही भरली आणि तिच्यात बारा जलरंगी चित्रं घातली.

गोष्टीचं बीज ऐकीव. ग्लॉस्टरजवळ नात्यातल्या एका बहिणीकडे मुक्कामाला असताना बाईंना कळलं, की जॉन प्रिचर्ड नावाच्या शिंप्याकडे महापौरांचं जाकीट अर्धवट पडलं होतं. सुट्टीनंतर दुकान उघडून बघतो तर ते शिवून तयार. फक्त एक काज बाकी, आणि तिथे दोरा संपल्याची चिठ्ठी. काम रात्रीतून उरकलं होतं त्याच्या मदतनिसांनी. प्रिचर्ड तेव्हा तरुण होता, आणि आजारी वगैरे मुळीच नव्हता.

बाईंनी काळ अठराव्या शतकात नेला, मदतनिसांचे उंदीर केले, इथपर्यंत कुणीही कसबी लेखिका पोचली असती. पण त्यांनी शिंप्याला म्हातारा केलं आणि तापाने अंथरुणाला खिळवलं. माझ्या मते वहीतली खरी भेट ती हीच.

गोष्टीत नाताळच्या सकाळी महापौरांचं लग्न आहे. चेरीच्या रंगाच्या रेशमी कोटाचे बारा आणि जाकिटाचे चार तुकडे बेतून दुकानातल्या टेबलावर मांडलेले आहेत. शिंप्याने शेवटचे चार पेन्स देऊन सिम्पकिन या बोक्याला खाणं आणि काजांसाठी रेशमी दोरा आणायला धाडलंय. दरम्यान घरात चहाच्या पालथ्या कपांखालून खुडबुड ऐकू येते. सिम्पकिनने रात्रीच्या जेवणासाठी कोंडून ठेवलेले उंदीर शिंपी सोडून देतो. रागावलेला बोका दोऱ्याची लड किटलीत दडवतो. म्हाताऱ्याला ताप भरतो.

आता बघा, बाई आजार कसा हाताळतात. डॉक्टर नाही, औषध नाही, कुणी उशाशी बसून अश्रू ढाळत नाही. म्हातारा फक्त कामाची काळजी बरळतो: एकवीस काजं व्हायचीत आणि दोरा नाही. पडून राहिलेल्या मुलाला नेमकं हेच छळतं. आपल्यावाचून शाळा चाललीय, खेळ चाललाय, आपलं सगळं अडलंय. सुटका केलेले उंदीर हे पुटपुटणं आधीच ऐकून गेलेले असतात. रुग्णाने काहीही न करता, नुसत्या त्याच्या काळजीतून, कामाची इत्थंभूत माहिती योग्य कानांपर्यंत पोचते.

शिंपी अंथरुणात असताना गोष्ट त्याच्या खोलीत थांबत नाही, हे मला फार आवडतं. ती भुकेल्या बोक्याच्या मागोमाग बर्फातून गावभर हिंडते. नाताळच्या आदल्या रात्री प्राण्यांना वाचा फुटते म्हणतात, त्यामुळे गल्लीगल्लीतून गाणी ऐकू येतात. दुकानाच्या खिडकीतून उजेड दिसतो. आत उंदरांच्या सुया चालू आहेत. फ्रीडाला चार भिंतींबाहेर काढायला बाईंना तिचं नाव घ्यावं लागलं नाही.

आणि ते काज. उंदरांनी वीस काजं घातली, एकविसावंही घातलं असतं. बाईंना दोऱ्याचा आणखी एक तुकडा कुठूनही पैदा करता आला असता. त्यांनी तसं केलं नाही. सकाळी शिंपी उठतो तर पांघरुणावर दोऱ्याची लड आणि शेजारी खजील झालेला सिम्पकिन. आजारातून उठलेल्या माणसासाठी काम शिल्लक आहे, पण झेपेल एवढंच. सगळं आयतं झालं असतं तर शिंपी अनावश्यक ठरला असता. सगळं बाकी असतं तर पुन्हा आजारी पडला असता.

चमत्काराला तपशिलाचा टेकू हवा, हे बाई जाणून होत्या. पुढे पुस्तकासाठी त्यांनी लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन भागातल्या संग्रहालयातले अठराव्या शतकातले कपडे चितारले. शिंपी कसा बसतो हे बघायला स्वतःच्या कोटाचं बटण तोडून ते लावून घ्यायला त्या एका दुकानात गेल्या, असं सांगतात. जाकिटावरचं भरतकाम बघताना ही मेहनत कळते.

१९०२ साली वही फ्रीडाकडून परत मागून बाईंनी स्वखर्चाने ५०० प्रती छापल्या. वॉर्न प्रकाशनाने १९०३ साली काढलेल्या आवृत्तीत प्राण्यांच्या तोंडच्या बडबडगीतांना बरीच कात्री लागली. गोष्ट त्यामुळे वेगाने पळते, हे खरं. पण त्या रात्री बोक्यासोबत हिंडताना वेग कुणाला हवा होता? अंथरुणातल्या मुलाकडे वेळच वेळ असतो. मला विचाराल तर त्याला गाण्यांसकट लांबलेली आवृत्तीच वाचून दाखवावी.